दाताला कॅप बसवायची आहे? आधी तिचा काठ समजून घ्या

‘या दाढेला कॅप लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं की दोन प्रश्न लगेच मनात येतात: दुखेल का, आणि खर्च किती? दोन्ही रास्त आहेत. पण कॅप किती वर्षं टिकेल हे ज्या जागेवर ठरतं, तिच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ती जागा म्हणजे कॅपचा काठ. कॅप जिथे संपते आणि तुमचा स्वतःचा दात जिथे सुरू होतो, ती बारीक रेघ. डॉक्टर तिला मार्जिन म्हणतात. बहुतेक वेळा ती हिरडीला लागूनच असते. कॅप धातूची असो की सिरॅमिकची, ती किडत नाही. किडतो तो तिच्या काठाशी असलेला दात. त्यामुळे दात तासण्यापासून रोजच्या ब्रशपर्यंत प्रत्येक टप्प्यावर या काठाचं काय होतंय, इकडे लक्ष ठेवायचं.

आधी ठरवा: कॅप खरंच हवी का?

कॅपसाठी दात सगळ्या बाजूंनी तासावा लागतो. कॅप कशाची आहे यावर किती तासायचं ते अवलंबून असतं. साधारणपणे बाजूंनी १ ते १.५ मिलिमीटर, आणि चावतो त्या पृष्ठभागावरून १ ते २ मिलिमीटर. एनॅमल, म्हणजे दाताचं सर्वांत कठीण बाहेरचं कवच, एकदा गेलं की पुन्हा तयार होत नाही. दात तासला की त्याला कायम कशाचं तरी आवरण लागणारच. म्हणून होकार देण्याआधी विचारायला संकोच करू नका.

कॅपची सर्वांत स्पष्ट गरज असते रूट कॅनाल झालेल्या दाढेला आणि उपदाढेला. अशा दाताचा बराच भाग आधीच गेलेला असतो. थोडा किडीने, थोडा जुन्या फिलिंगने, थोडा नसेपर्यंत पोहोचण्यासाठी पाडलेल्या छिद्रामुळे. उरलेल्या पातळ भिंती चावताना दाबाखाली बाहेरच्या बाजूला फाकतात आणि एक दिवस दात उभा चिरतो. चीर मुळापर्यंत गेली, तर बहुतेक वेळा दात काढण्याशिवाय इलाज उरत नाही. कॅप या भिंतींना बाहेरून धरून ठेवते.

इथेच अनेकांचा दात हातचा जातो. रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, आता कॅपची काय घाई, असं वाटतं आणि महिने उलटतात. पण दुखायचं थांबलं ते नस काढली म्हणून. दात मजबूत झाला म्हणून नव्हे. उलट आता आत काही बिघडलं तरी तो कळ मारून तुम्हाला सावध करेलच असं नाही. शिवाय वरचं तात्पुरतं फिलिंग झिजून लाळ आणि जंतू आत शिरले, तर केलेलं रूट कॅनालही वाया जाऊ शकतं. डॉक्टरांनी कॅपसाठी जी तारीख दिली असेल, ती पाळा.

याशिवाय पुन्हा पुन्हा तुटणारं मोठं फिलिंग, चावल्यावर किंवा चावून दाब सोडताना सळक येणारा चिरलेला दात, ब्रिजला (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर टेकवलेल्या खोट्या दाताला) आधार देणारे दात आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ, यांनाही कॅप लागते.

कॅपशिवाय भागण्यासारख्या जागाही आहेत. पुढच्या दाताचं रूट कॅनाल झालं असेल आणि दात बराचसा शाबूत असेल, तर अनेकदा साधं चांगलं फिलिंग पुरतं. दाढेचा एखादाच उंचवटा तुटला असेल, तर फक्त तेवढा भाग झाकणारा ऑनले हा पर्याय असू शकतो. निव्वळ रंग आवडत नाही म्हणून धडधाकट दात तासून कॅप बसवणं मला मुळीच पटत नाही. रंगासाठी दाताला कमी इजा करणारे उपाय आहेत. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘फिलिंग किंवा ऑनलेने भागणार नाही का? का नाही?’ उत्तर देताना त्यांनी एक्स-रे किंवा दाताचा फोटो दाखवून समजावलं, तर निर्णय घेणं सोपं जातं.

आणखी एक प्रश्न रूट कॅनाल सुरू होण्याआधीच विचारायचा: ‘हिरडीच्या वर निरोगी दात किती उरेल?’ कॅपला पकडायला सगळ्या बाजूंनी साधारण १.५ ते २ मिलिमीटर उंचीचा भक्कम दात हवा. तेवढा नसेल, तर हिरडी आणि थोडं हाड कमी करून दाताची उंची वाढवावी लागते, किंवा दाताच्या मुळामध्ये पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, बसवून त्यावर फिलिंगचा गाभा उभारावा लागतो. पोस्टने दात मजबूत होतो असा समज आहे. खरं तर पोस्ट फक्त तो गाभा धरून ठेवते. दाताची ताकद त्याच्या स्वतःच्या उरलेल्या भागातच असते. तो फारच कमी असेल, तर दात वाचवण्यावर पैसे घालावेत की काढून दुसरा पर्याय निवडावा, हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

पहिल्याच भेटीत आपली औषधं आणि आजार सांगून टाका. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, धातूची ॲलर्जी (निकेलची विशेषतः), गर्भारपण, सगळं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हिरड्यांतून रक्त येत असेल, तर आधी दात साफ करून हिरड्यांवर उपचार होऊ द्या. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी काठाचं माप नीट मिळत नाही.

कॅप कशाची?

पूर्ण धातूची कॅप दिसायला दातासारखी नसते, पण काम चोख करते. तिच्यासाठी दात कमी तासावा लागतो, तिचे टवके उडत नाहीत आणि सोन्याच्या मिश्रधातूची असेल तर समोरच्या, म्हणजे चावताना तिच्यावर टेकणाऱ्या, दाताची झीजही कमी होते. अगदी मागच्या, न दिसणाऱ्या दाढेसाठी हा पर्याय आजही उत्तम आहे. लोक तो केवळ रंगामुळे नाकारतात.

धातूवर पोर्सेलिन चढवलेली कॅप गेली अनेक दशकं वापरात आहे. ती भरवशाची आहे, मात्र तिच्यावरच्या पोर्सेलिनचा टवका उडू शकतो. हिरडी दातावरून मागे सरकली, की काठाशी धातूची काळसर रेघही दिसू लागते.

झिरकोनिया या सिरॅमिकची कॅप पांढरी आणि अतिशय मजबूत असते. अख्ख्या झिरकोनियाची कॅप दाढांसाठी चांगली. वरून पोर्सेलिनचा थर दिलेली झिरकोनिया अधिक सुंदर दिसते, पण त्या थराचा टवका उडण्याची शक्यता राहते. लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकमधून प्रकाश खऱ्या दातासारखा आरपार झिरपतो, म्हणून पुढच्या दातांना ते खुलून दिसतं. ताकदीत ते झिरकोनियाच्या खाली आहे.

मटेरिअलच्या नावावरून, ब्रँडवरून आणि वॉरंटीच्या वर्षांवरून बरीच चर्चा होते. माझ्या मते महागड्या मटेरिअलची सैल बसलेली कॅप ही साध्या मटेरिअलच्या घट्ट, अचूक कॅपपेक्षा केव्हाही वाईट. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती मटेरिअल ठरवण्याआधी सांगा. निवड त्यावरही अवलंबून असते.

दात तासण्याची भेट

या भेटीत सुरुवातीलाच रंग ठरवून घ्या. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. मग जुळवलेला रंग नंतर शेजारच्या दातांपेक्षा उजळ वाटतो. शक्य असेल तर दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, आरशात स्वतः पाहून रंग निवडा. दात पांढरे करून घ्यायचे मनात असेल, तर ते कॅपच्या आधी करा आणि रंग स्थिरावायला साधारण दोन आठवडे द्या. कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही.

मग भूल दिली जाते. सुई टोचल्याचं जाणवेल, त्यानंतर दाब आणि कंप जाणवतो, कळ येऊ नये. आली तर हात वर करा, भूल वाढवता येते. रूट कॅनाल झालेल्या दाताभोवतीसुद्धा हिरडीसाठी भूल लागू शकते. आतली जुनी कीड, सैल फिलिंग काढून गाभा भरला जातो आणि मग दात चहूबाजूंनी तासला जातो.

यानंतरचं काम फार नाजूक असतं. हिरडी थोडी बाजूला सारण्यासाठी दाताभोवती बारीक दोरा खोचतात, म्हणजे तासलेल्या दाताचा काठ स्पष्ट उघडा होतो. मग पुटीसारख्या मटेरिअलने ट्रेमध्ये माप घेतात किंवा तोंडात छोटा स्कॅनर फिरवतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, अट एकच: काठ पूर्ण दिसला पाहिजे. मापात काठावर बुडबुडा असेल किंवा रक्ताने रेघ पुसट झाली असेल, तर लॅबला तिथे अंदाजच करावा लागतो. डॉक्टर म्हणाले की माप पुन्हा घेऊ, तर कंटाळू नका. ते तुमच्याच भल्याचं आहे. समोरच्या दातांचं आणि दोन्ही जबडे मिटल्यावर दात कसे बसतात याचंही माप घेतात.

पक्की कॅप तयार व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात. काही दवाखान्यांत स्कॅन करून तिथेच मशीनवर कॅप कोरतात आणि त्याच दिवशी बसवतात.

तात्पुरती कॅप

पक्की कॅप येईपर्यंत बहुधा ॲक्रिलिकसारख्या मटेरिअलची कॅप कच्च्या सिमेंटने बसवून देतात. ती शेजारच्या आणि समोरच्या दातांना जागेवर ठेवते. ती नसेल तर काही दिवसांतच दात किंचित सरकतात आणि पक्की कॅप बसेनाशी होते. म्हणून ती निघाली तर ‘दोन दिवसांनी जायचंच आहे’ असं म्हणून थांबू नका, दवाखान्यात कळवा.

त्या बाजूने कडक आणि चिकट खाऊ नका. ब्रश नेहमीसारखाच करा. फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा) वापरताना तो वर खेचून काढण्याऐवजी एक टोक सोडून बाजूने ओढून काढा, नाहीतर कॅप सोबत येते. भूल उतरेपर्यंत मात्र काही खाऊच नका. गाल किंवा जीभ चावली गेली तरी त्या वेळी कळत नाही.

बसवण्याचा दिवस: घाई करू नका

या भेटीवर मी सर्वांत जास्त भर देईन. पक्क्या सिमेंटने चिकटवल्यावर कॅप सहसा कापूनच काढावी लागते. जे काही तपासायचं, ते चिकटवण्याआधी.

कॅप आधी नुसती बसवून पाहिली जाते. डॉक्टर टोकदार उपकरण काठावरून फिरवतात. ते कुठे अडकलं, तर तिथे पायरी किंवा फट आहे. दोन दातांमधला भाग असा तपासणं अवघड असतं, तिथे एक्स-रे मदत करतो. मग फ्लॉस: शेजारच्या दातामधून तो किंचित अडून टच्कन आत जायला हवा. अलगद सरकला तर फट मोठी आहे आणि तिथे रोज अन्न अडकेल. अजिबात गेलाच नाही, तर संपर्क जास्त घट्ट आहे. मग रंगीत कागद चावायला देऊन दात कसे मिटतात ते पाहतात.

दात मिटताना काय वाटतं ते प्रामाणिकपणे सांगा. भूल दिलेली असेल तर नीट अंदाज येत नाही, म्हणून नुसतं चावू नका, जबडा डावीउजवीकडे सरकवूनही पाहा. ‘थोडं उंच वाटतंय, पण सवय होईल’ असं मनात म्हणून गप्प बसणं महागात पडतं. केसाएवढी उंचीसुद्धा त्या दातावर सगळा दाब आणते आणि तो दुखू लागतो. सिरॅमिक घासून उंची कमी केली, तर तो भाग पुन्हा गुळगुळीत पॉलिश झाला पाहिजे. खरखरीत राहिलेलं झिरकोनिया समोरच्या दाताला झिजवतं.

आरसा मागून रंग आणि आकार पाहा. पुढचा दात असेल तर खिडकीपाशी जाऊन पाहा. मनासारखं नसेल तर आत्ताच सांगा. कॅप लॅबला परत पाठवता येते, आणि चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत.

सगळं जुळलं की पक्कं सिमेंट लावून कॅप बसवतात आणि बाहेर आलेलं सिमेंट काढून टाकतात. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण हिरडी सुजवत राहतो. दोन-चार दिवसांनीही तिथे खरखर, रक्त किंवा दुखरेपणा असेल तर दाखवून घ्या. निघताना कॅपचं मटेरिअल आणि रंगाचा क्रमांक लिहून मागा. पुढे दुसऱ्या दाताला कॅप लागली किंवा हीच बदलावी लागली, तर हा कागद उपयोगी पडतो.

पहिले काही दिवस

किती वेळ खायचं नाही हे सिमेंटवर अवलंबून असतं, ते विचारून घ्या. पहिले २४ तास त्या बाजूने कडक आणि चिकट टाळलेलं चांगलं. नस जिवंत असलेल्या दाताला काही दिवस थंड-गरम लागू शकतं, हिरडी थोडी हुळहुळी राहते. हे हळूहळू कमी व्हायला हवं.

ही लक्षणं मात्र वाट पाहण्यासारखी नाहीत: चावताना दुखणं (बहुधा उंची जास्त असते, काही मिनिटांचं काम), गरम लागल्यावर बराच वेळ रेंगाळणारा ठणका, झोपेतून उठवणारी वेदना, हिरडीवर पू असलेली फुटकुळी. जिवंत दात तासल्यानंतर काही वेळा त्याची नस पुढे दगावते आणि रूट कॅनाल करावं लागतं. ते बहुतेकदा कॅपला छिद्र पाडून करता येतं.

रोजची निगा

कॅप बसली की त्या दाताची काळजी मिटली असं वाटणं स्वाभाविक आहे, पण आता काठाची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे. दातावर जमणारा जंतूंचा मऊ थर कॅप आणि हिरडीच्या सांध्यात आरामात बसतो. तो रोज काढला तर काही होत नाही. राहिला, तर हिरडी सुजते आणि कीड काठाखालून आत शिरते. कॅपमुळे ती बाहेरून दिसत नाही, नस नसेल तर दुखतही नाही.

मऊ ब्रश घ्या. केस हिरडीकडे तिरपे, साधारण ४५ अंशांत टेकवा, म्हणजे ते काठाच्या रेघेवर येतात. जोर न लावता छोट्या छोट्या हालचाली करा. आतली, जिभेकडची बाजू विसरू नका. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट वापरून. घासल्यावर जास्तीची पेस्ट थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड काठाशी थोडा वेळ राहतं. फार खरखरीत किंवा कोळशाच्या पावडरी टाळा, सिरॅमिकची चकाकी त्यांनी जाऊ शकते.

ब्रश दोन दातांमध्ये पोहोचत नाही, आणि कॅपचा काठ तिथेही असतो. त्यामुळे दिवसातून एकदा फ्लॉस किंवा फटीच्या मापाचा इंटरडेंटल ब्रश फिरवायलाच हवा. फ्लॉस कॅपला इंग्रजी ‘सी’सारखा वेढून हिरडीच्या किंचित खालपर्यंत न्या, वर-खाली घासा. कायमची कॅप फ्लॉसने निघत नाही. निघाली तर ती आधीच सैल झालेली होती. फ्लॉस दरवेळी एकाच जागी अडकून फाटत असेल, तर तिथे काठाला फट, टवका किंवा कीड असू शकते, दाखवून घ्या. ब्रिज असेल तर मधल्या खोट्या दाताखालून ओवता येणारा, कडक टोकाचा फ्लॉस मिळतो.

गोड खाणं-पिणं दिवसभर थोडं थोडं चालू ठेवण्यापेक्षा जेवणासोबत आटोपलेलं बरं. तोंड सतत कोरडं पडत असेल (अनेक औषधांनी पडतं) तर कीड लवकर लागते, डॉक्टरांना सांगा. दातांनी बर्फ फोडणं, झाकणं उघडणं, पेन चावणं सोडून द्या. सकाळी जबडा अवघडलेला वाटत असेल किंवा घरचे सांगत असतील की झोपेत दात खाता, तर झोपताना दातांवर घालायचा, मापाने बनवलेला नाइट गार्ड घ्या.

तपासणी, आणि कॅप निघाली तर

चांगली कॅप साधारण १० ते १५ वर्षं टिकते, अनेकदा त्याहूनही जास्त. दर सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवा आणि अधूनमधून एक्स-रे काढू द्या. दर तपासणीत विचारा, ‘काठ कसा आहे?’ पोर्सेलिनचा लहानसा टवका उडाला तर कधी नुसतं पॉलिश करून भागतं. काठाखाली कीड शिरली असेल, तर बहुधा कॅप काढून नवी करावी लागते. न दुखणारा, पण वास किंवा विचित्र चव येणारा दात, फ्लॉसला येणारी दुर्गंधी, कॅप किंचित हलल्यासारखी वाटणं, ही सैल झाल्याची चिन्हं आहेत. पूर्ण निघण्याची वाट पाहू नका.

कॅप निघाली तर ती धुऊन डबीत ठेवा आणि शक्यतो एक-दोन दिवसांत दवाखान्यात न्या. दात आणि कॅप दोन्ही शाबूत असतील, तर तीच पुन्हा चिकटवता येते. उघडा दात हळुवार घासत राहा, त्या बाजूने चावू नका. घरातला कुठलाही गोंद वापरू नका. तो तोंडासाठी नसतो, कॅप वाकडी बसते आणि पुढचं काम बिघडतं. औषधांच्या दुकानात तात्पुरतं डेंटल सिमेंट मिळतं, ते थोडे दिवस चालतं. पण झोपताना सैल कॅप तोंडात ठेवू नका. कॅप गिळली गेली तर बहुधा आपोआप बाहेर पडते, डॉक्टरांना मात्र कळवा. ठसका, खोकला थांबत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर ती श्वासनलिकेत गेलेली असू शकते: थेट रुग्णालय गाठा. दाताच्या दुखण्यासोबत चेहऱ्याला सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तरीही तेच करा, दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका.